पिष्ट, शर्करा, प्रथिने, मेद आणि डीएनए : अन्नातील जैवरेणूंची रासायनिक घडण स्वतः कशी तपासावी

साखर, साबुदाणा आणि कापूस या तिन्ही वस्तू मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांच्या बनलेल्या आहेत. तरीही साखर पाण्यात क्षणात विरघळते, साबुदाणा भिजून फुगतो आणि कापडातला कापूस वर्षानुवर्षे धुतला तरी टिकतो. साबुदाणा आणि कापूस यांचे तर मूळ घटकही एकच, ग्लुकोज. त्यांच्यातला सगळा फरक दोन ग्लुकोज एकमेकांना कोणत्या बाजूने जोडले आहेत एवढ्यावरच ठरतो. जैवरसायनशास्त्राचा अभ्यास करताना हा एक मुद्दा मनात पक्का झाला, की पुढचे बरेच काही सोपे होते. प्रयोगशाळेतील प्रत्येक चाचणी एका ठरावीक रासायनिक जोडणीचा शोध घेते आणि त्या जोडणीपलीकडे काहीही सांगत नाही. हे लक्षात न घेता केवळ ‘निळा रंग म्हणजे पिष्ट, जांभळा रंग म्हणजे प्रथिन’ असे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला रंग अपेक्षेप्रमाणे आला नाही की काहीच सुचत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक कृतीबरोबर तिच्यामागची रचनाही दिली आहे. नववीपासून पुढचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि विज्ञानाची आवड असलेले पालक यांना शाळेच्या साध्या प्रयोगशाळेत हे सर्व करता येईल. ज्या कृती घरी करण्याजोग्या आहेत, त्या तशा नमूद केल्या आहेत.

प्रारंभ मूलद्रव्यांपासून

मानवी शरीराच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८ टक्के, हायड्रोजन १० टक्के आणि नायट्रोजन ३ टक्के असतो. उरलेल्या भागात कॅल्शियम, फॉस्फरस, गंधक आणि इतर मूलद्रव्ये येतात. कर्बोदके आणि साधे मेद यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एवढेच असतात. प्रथिनांत त्यांच्या जोडीला नायट्रोजन आणि बहुधा गंधक येतो, तर केंद्रकाम्लांत म्हणजे डीएनए व आरएनए यांत नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, पण गंधक नसतो.

शेवटच्या वाक्यातील भेद किरकोळ वाटला, तरी आनुवंशिकतेचा एक मोठा प्रश्न त्याच्याच आधारे सुटला. १९५२ साली आल्फ्रेड हर्शे आणि मार्था चेस यांनी जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या काही विषाणूंच्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची आणि काही विषाणूंच्या डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली. जिवाणूच्या आत फॉस्फरस मोठ्या प्रमाणात शिरला आणि गंधक बहुतांशी बाहेरच राहिला. आनुवंशिक माहिती डीएनएमधून जाते, याचा तो ठोस पुरावा ठरला.

पहिली कृती अशी. एका कोरड्या परीक्षानळीत अर्धा चमचा साखर घ्यावी आणि नळी किंचित तिरपी धरून मंद आचेवर तापवावी. साखर वितळते, तांबूस होते, मग काळी पडते, आणि त्याच वेळी नळीच्या वरच्या थंड भागात थेंब जमू लागतात. ते थेंब पाण्याचे आहेत, याची खात्री करण्यासाठी थोडे मोरचूद (कॉपर सल्फेट) दुसऱ्या नळीत आधीच पांढरे होईपर्यंत तापवून ठेवावे. त्या पांढऱ्या भुकटीवर हा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते. तळाशी उरलेला काळा भाग कार्बनचा, आणि थेंबांतून हायड्रोजन व ऑक्सिजन यांची साक्ष मिळते.

नायट्रोजनसाठी कच्च्या तुरीच्या डाळीचे चिमूटभर पीठ दुप्पट सोडालाइममध्ये (कॉस्टिक सोडा व चुना यांच्या मिश्रणात) मिसळून तापवावे आणि नळीच्या तोंडाशी, काचेला स्पर्श न करता, ओला केलेला हळदीचा कागद धरावा. प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया बाहेर पडतो आणि हळदीचा पिवळा रंग लालसर तपकिरी होतो. हाच प्रयोग साखरेवर केल्यास कागद पिवळाच राहतो, आणि ही तुलना केल्याशिवाय पहिल्या निरीक्षणाला अर्थ नाही.

साहित्य, द्रावणे आणि दक्षता

नमुन्यांसाठी बटाटा, तांदूळ, साबुदाणा, साखर, गूळ, मध, पिशवीचे दूध, अंडे, कच्ची तूरडाळ, शेंगदाणे, सुके खोबरे आणि कांदा एवढे जमवावे. घन पदार्थ थोड्या पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून घ्यावेत. अंड्याचा पांढरा भाग सुमारे १०० मिली पाण्यात चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने ढवळावा. डाळीचे पीठ मिठाच्या एक टक्का द्रावणात अर्धा तास भिजवून मग गाळावे, कारण डाळींतील प्रथिने मुख्यतः ग्लोब्युलिन प्रकारची असतात आणि ती निव्वळ पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात चांगली विरघळतात. डाळीच्या नमुन्यात रंग आला नाही अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे मूळ बहुधा या मिठाच्या विसरात असते.

औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारे पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात पातळ केले की आयोडीनचे पुरेसे द्रावण मिळते. बेनेडिक्टचे १०० मिली द्रावण करण्यासाठी १७.३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट ८० मिली कोमट पाण्यात विरघळवावे, १.७३ ग्रॅम मोरचूद वेगळ्या १० मिली पाण्यात विरघळवून ते पहिल्या द्रावणात हळूहळू ढवळत घालावे आणि पाणी घालून १०० मिली करावे. बाययुरेट चाचणीसाठी दोन स्वतंत्र बाटल्या लागतात. एकीत कॉस्टिक सोड्याचे १० टक्के द्रावण आणि दुसरीत मोरचुदाचे १ टक्का द्रावण ठेवावे.

कॉस्टिक सोडा डोळ्यांना कायमची इजा करू शकतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याची बाटली उघडू नये, आणि ही चाचणी घरी मुळीच करू नये. मोरचूद विषारी आहे. प्रयोगासाठी वापरलेले कोणतेही भांडे परत स्वयंपाकघरात नेऊ नये आणि तपासलेला पदार्थ चाखू नये.

प्रत्येक चाचणीत दोन जादा नळ्या हव्यात. एकीत नुसते पाणी घ्यावे आणि दुसरीत तो घटक नक्की असलेला नमुना घ्यावा. पाण्याच्या नळीत रंग आला तर द्रावण किंवा काच अस्वच्छ आहे, आणि खात्रीच्या नमुन्यात रंग आला नाही तर द्रावण खराब झाले आहे, असा निष्कर्ष निघतो. वेळ कमी असेल तर तपासायचे पदार्थ कमी करावेत, पण या दोन नळ्या वगळू नयेत.

पिष्ट : आयोडीनची चाचणी

ही चाचणी घरीही करता येते. बटाट्याच्या ताज्या कापावर आणि भाताच्या गार झालेल्या पेजेत आयोडीनचे एकेक थेंब टाकावेत. गडद निळा, जवळजवळ काळा रंग लगेच दिसतो. कापसावर, साखरेच्या पाण्यावर आणि मधावर आयोडीन आपल्या मूळच्या पिवळसर तपकिरी रंगातच राहते.

पिष्ट हे दोन प्रकारच्या रेणूंचे मिश्रण आहे. त्यातील अमायलोज सामान्यतः २० ते ३० टक्के असते आणि ते ग्लुकोजच्या लांब, बिनशाखी साखळीचे बनलेले असते. या साखळीत ग्लुकोज अशा कोनात जोडलेले असतात, की ती आपोआप स्प्रिंगसारखी वळत जाते आणि एका वेढ्यात सुमारे सहा ग्लुकोज येतात. या वेढ्यांच्या पोकळीत आयोडीनचे अणू ओळीने बसतात आणि तसे बसल्यावर त्यांचे प्रकाश शोषण्याचे गुणधर्म बदलून निळा रंग दिसतो. उरलेले ७० ते ८० टक्के पिष्ट अमायलोपेक्टिन असते. त्याच्या साखळीला दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर फाटा फुटतो, वेढे आखूड राहतात आणि आयोडीनबरोबर लालसर जांभळी छटा येते. अमायलोज जवळजवळ नसलेला चिकट तांदूळ म्हणूनच निळ्याऐवजी तांबूस होतो. प्राण्यांच्या यकृतातील ग्लायकोजेन याहूनही दाट फाट्यांचे असते आणि त्याचा रंगही तांबूस तपकिरीच येतो. कापसातील सेल्युलोजमध्ये एकाआड एक ग्लुकोज उलट फिरवून जोडलेला असतो; त्यामुळे साखळी सरळ राहते, वेढे पडत नाहीत आणि आयोडीनला बसायला जागाच मिळत नाही.

हे स्पष्टीकरण पारखून पाहण्याची एक सुरेख कृती आहे आणि ती कुणीही वगळू नये. निळी झालेली पातळ पेज परीक्षानळीत घेऊन गरम पाण्यात धरावी. तापमान वाढेल तसा रंग फिका होत नाहीसा होतो, आणि नळी थंड पाण्यात ठेवली की परत येतो. उष्णतेने साखळीचे वेढे सैल पडतात व आयोडीन सुटते; थंड झाल्यावर वेढे पुन्हा पडतात. फार वेळ उकळल्यास आयोडीन उडून जाते आणि रंग परत येत नाही, म्हणून रंग जाताच नळी बाहेर काढावी.

याचा रोजच्या व्यवहारात थेट उपयोग आहे. दुधात पिष्टाची भेसळ ओळखण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली पद्धत अशी, की २ ते ३ मिली दूध ५ मिली पाण्याबरोबर उकळावे, थंड होऊ द्यावे आणि मग आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट आहे. मधली ‘थंड होऊ द्यावे’ ही पायरी अनेकजण गाळतात. पण वर पाहिल्याप्रमाणे उकळत्या दुधात पिष्ट असले तरी निळा रंग दिसणार नाही आणि भेसळीचे दूध शुद्ध ठरेल.

आणखी एक सापळा जीवनसत्त्व ‘क’चा आहे. लिंबू किंवा पेरू यांच्या रसात आयोडीन टाकताच ते रंगहीन होते, कारण जीवनसत्त्व ‘क’ आयोडीनचे रूपांतर रंगहीन आयोडाइडमध्ये करते. अशा नमुन्यात तपकिरी छटा टिकेपर्यंत आयोडीन घालत राहावे आणि त्यानंतरच पिष्टाविषयी मत बनवावे.

शर्करा : बेनेडिक्टची चाचणी आणि साखरेचे विभाजन

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. फ्रुक्टोजमध्येही हेच अणू याच संख्येने असतात, फक्त त्यांची मांडणी वेगळी असते. ग्लुकोजचे वलय पाण्यात मधूनमधून उघडते आणि त्याच्या टोकाशी अल्डिहाइड गट मोकळा होतो. हा मोकळा गट अल्कधर्मी द्रावणातील निळ्या तांब्याला इलेक्ट्रॉन देतो आणि तांबडा क्युप्रस ऑक्साइड खाली बसतो. फ्रुक्टोजमध्ये तो गट मुळात नसतो, परंतु अल्कधर्मी द्रावणात त्याची मांडणी बदलून तोही हीच अभिक्रिया देतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. कागदी पट्ट्या येण्यापूर्वी मधुमेहाच्या रुग्णांच्या लघवीतील साखर याच द्रावणाने पाहत असत.

परीक्षानळीत बेनेडिक्टचे ५ मिली द्रावण घेऊन त्यात नमुन्याचे ८ थेंब टाकावेत आणि नळी उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात ३ ते ५ मिनिटे ठेवावी. थेट ज्योतीवर नळी धरू नये, कारण द्रावण उसळून बाहेर येते. शर्करा अत्यल्प असेल तर हिरवा, त्याहून जास्त असेल तर पिवळा, मग नारिंगी आणि पुष्कळ असेल तर विटकरी रंग येतो. मध विटकरी रंग देतो. दुधातील लॅक्टोजही हा रंग देते. साखरेच्या शुद्ध द्रावणाची नळी मात्र निळीच राहते, आणि सर्वांत गोड पदार्थाने ‘नाही’ असे उत्तर दिल्याचे वर्गात नेहमीच नवल वाटते.

साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा प्रत्येकी एक रेणू जोडला जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८०, फ्रुक्टोजचेही १८०, पाण्याचे १८, आणि म्हणून सुक्रोजचे ३४२. ही जोडणी दोन्ही शर्करांच्या नेमक्या त्या कार्बनांमध्ये होते, जिथे वलय उघडले असते. दोन्ही दारे एकमेकांना लावून बंद झाल्यामुळे मोकळा गट उरत नाही आणि तांब्यावर परिणाम होत नाही.

आता तो बंध तोडून पाहावा. साखरेचे २ टक्के द्रावण दोन नळ्यांत ५-५ मिली घ्यावे. पहिलीत लिंबूसत्त्वाचे दोन-तीन चिमूट खडे टाकावेत, दुसरीत काही टाकू नये, आणि दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवाव्यात. नंतर पहिल्या नळीत फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा, कारण आम्ल शिल्लक राहिल्यास बेनेडिक्टचे द्रावण काम करत नाही. यानंतर दोन्हींची चाचणी घेतली, की पहिली नळी विटकरी होते आणि दुसरी निळी राहते. आम्लाच्या सान्निध्यात पाण्याचा रेणू परत बंधात शिरला आणि सुक्रोज तुटले; यालाच जलअपघटन म्हणतात. लिंबाचा रस वापरू नये, कारण त्यात स्वतःच्या शर्करा आणि जीवनसत्त्व ‘क’ असते व दोन्ही तांब्याला क्षपित करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळण्याची जुनी रीत याच अभिक्रियेवर आधारलेली आहे. थोडे सुक्रोज तुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार झाले, की उरलेल्या साखरेचे खडे सहजी धरत नाहीत. गुळातही रस आटवताना थोडेफार सुक्रोज असेच तुटलेले असते, म्हणून गूळ आधी आम्लात न उकळताही बेनेडिक्टच्या चाचणीत रंग देतो.

पिष्टाचेही असेच विभाजन आपल्या तोंडात होते. पातळ पेजेत स्वतःची थोडी लाळ मिसळून नळी हाताच्या उबेत १० ते १५ मिनिटे धरावी. नंतर तीतील एक थेंब आयोडीनवर आणि काही थेंब बेनेडिक्टच्या द्रावणात टाकावेत. निळा रंग उणावलेला आणि विटकरी रंग आलेला दिसतो, कारण लाळेतील अमायलेजने लांब साखळ्या तोडून माल्टोज तयार केलेले असते. हाच प्रयोग आधी उकळून घेतलेल्या लाळेवर फसतो आणि त्यावरून अमायलेज हे स्वतः उष्णतेने बिघडणारे प्रथिन आहे, याचा सुगावा लागतो.

प्रथिने : बाययुरेटची चाचणी, दुधाची फोड आणि नायट्रोजनचा फसवा पुरावा

अमिनो आम्लाच्या एका बाजूला अमिनो गट आणि दुसऱ्या बाजूला कार्बोक्सिल गट असतो. एकाचा कार्बोक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जोडला जाताना पुन्हा पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. प्रथिनांसाठी प्रामुख्याने २० अमिनो आम्ले वापरली जातात, आणि त्यांपैकी सिस्टिन व मिथिओनिन या दोहोंत गंधक असतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती दिसणारी हिरवट कड याच गंधकामुळे येते. जास्त वेळ उकळल्यावर पांढऱ्या भागातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि बलकातील लोहाशी संयोग पावतो.

बाययुरेट चाचणीसाठी नमुन्याचे २ मिली द्रावण घेऊन त्यात तेवढेच कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळावे आणि मग मोरचुदाचे द्रावण एकेक थेंब करून दोन-तीन थेंबच टाकावे. नळी तापवू नये. दोन ते पाच मिनिटांत जांभळा रंग येतो. पाण्याच्या नळीत फिकट निळा रंगच राहतो. मोरचूद जास्त पडले तर निळा साका जांभळ्या रंगाला झाकून टाकतो आणि चाचणी फुकट जाते. नमुन्यात शर्करा असल्यास द्रावण गडद निळे दिसू शकते, म्हणून रंग पांढऱ्या कागदासमोर धरून, अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या नळीशी ताडून ठरवावा.

रंग येण्यासाठी तांब्याच्या आयनाला जवळजवळ असलेल्या पेप्टाइड बंधांतील नायट्रोजनांनी वेढावे लागते. त्यामुळे किमान तीन अमिनो आम्लांची साखळी लागते आणि सुटी अमिनो आम्ले सामान्यतः हा रंग देत नाहीत. त्यांच्यासाठी निनहायड्रिनची चाचणी वापरतात, जी मोकळ्या अमिनो गटाशी अभिक्रिया करते.

या भागातील सर्वांत फलदायी कृती दुधाची आहे. पिशवीचे ५० मिली दूध साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करावे, उकळू नये, आणि व्हिनेगर थेंबाथेंबाने घालत ढवळावे. सामू ४.६ च्या आसपास येताच केसीनवरील विद्युतभार संपतो, त्याचे कण एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि चोथा वेगळा पडतो. तो फडक्याने गाळून घ्यावा. खाली आलेले हिरवट पाणी आता उकळावे. त्यात पुन्हा पांढरे कण दिसू लागतात. ही निवळीतील प्रथिने होत, जी या आम्लात विरघळलेली राहतात पण उष्णतेने साकळतात. पुन्हा गाळून मिळालेले स्वच्छ पाणी खाण्याच्या सोड्याने उदासीन करून बेनेडिक्टने तपासल्यास विटकरी रंग येतो, कारण गाईच्या दुधात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असते. पहिला चोथा कागदावर दाबून वाळवला तर तेलकट डाग राहतो, म्हणजे मेदही त्यातच अडकलेला आहे. एका वाटी दुधातून तीन वर्गांचे जैवरेणू अशा रीतीने हाताने वेगळे करता येतात.

भेसळीचा प्रश्न इथे पुन्हा येतो आणि तो अधिक गंभीर आहे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली बसवलेल्या पद्धतीत पदार्थातील एकूण नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि ते प्रथिनांचे प्रमाण मानतात. ही पद्धत नायट्रोजन मोजते, पेप्टाइड बंध मोजत नाही. युरियात सुमारे ४६ टक्के आणि मेलामाइनमध्ये सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे पाणी घातलेल्या दुधात यांपैकी काही मिसळले तर कागदावरचे प्रथिन वाढते. २००८ साली चीनमध्ये लहान मुलांच्या दूध भुकटीत मेलामाइन सापडले, तेव्हा या एका फरकाची किंमत हजारो बालकांच्या मूत्रपिंडांनी मोजली.

दुधातील युरिया ओळखण्याची पद्धत घरी करता येते. ५ मिली दुधात कच्च्या तुरीचे किंवा सोयाबीनचे अर्धा चमचा पीठ मिसळून नीट हलवावे, पाच मिनिटे थांबावे आणि लाल लिटमस कागद बुडवावा. तो निळा झाला तर युरिया मिसळलेला असण्याची शक्यता आहे. पिठातील युरिएज हे विकर (एन्झाइम) युरिया तोडून अमोनिया मुक्त करते. पीठ भाजलेल्या डाळीचे असता कामा नये, कारण भाजल्यावर विकर निकामी होते. १९२६ साली जेम्स सम्नर यांनी हेच युरिएज एका शेंगधान्यातून स्फटिकरूपात मिळवले आणि विकरे ही प्रथिने असतात, हे दाखवून दिले. दूध आणि डाळी यांच्या प्रथिनांचा विषय निघाला की कमला सोहोनी यांचे नाव घेतलेच पाहिजे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी याच प्रथिनांवर काम केले, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

मेद

मेदाचे परीक्षण सोपे आहे. शेंगदाणा आणि सुके खोबरे कागदावर चिरडावे, शेजारी पाण्याचा थेंब टाकावा आणि कागद उन्हात ठेवावा. पाण्याचा डाग वाळून जातो, मेदाचा अर्धपारदर्शक डाग टिकतो. प्रयोगशाळेत अधिक खात्री हवी असल्यास कुटलेला पदार्थ ४ मिली अल्कोहोलमध्ये हलवून, वरचा स्वच्छ भाग तेवढ्याच पाण्यात ओतावा. मेद असल्यास पाणी दुधाळ होते, कारण अल्कोहोलमध्ये विरघळलेला मेद पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडतो.

ग्लिसरॉलचा एक आणि मेदाम्लांचे तीन रेणू जोडले जाताना पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात व ट्रायग्लिसराइड तयार होते. ग्लुकोजच्या वजनात ५३ टक्के ऑक्सिजन असतो, तर ट्रायपामिटिन या मेदात तो जेमतेम १२ टक्के. मेदातील कार्बनचे ऑक्सिडीकरण अजून व्हायचे बाकी असते, म्हणूनच एका ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि मेदापासून ९. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, पण शेंगदाणा तेल त्या तापमानाला पातळच राहते. खोबरेलात बारा कार्बनांचे, दुहेरी बंध नसलेले लॉरिक आम्ल भरपूर असते आणि अशा सरळ साखळ्या एकमेकींलगत नीट रचल्या जातात. शेंगदाणा तेलातील ओलिक आम्लाला दुहेरी बंधापाशी बाक येतो आणि रचना सैल राहते.

एका मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट आला की फॉस्फोलिपिड होते. पेशींची आवरणे मुख्यतः त्याचीच असतात आणि अंड्याच्या बलकात लेसिथिन या रूपाने ते विपुल असते. तेल आणि पाणी एका बाटलीत नुसते हलवावे, दुसरीत थोडा बलक घालून हलवावे. पहिल्या बाटलीत थर लगेच वेगळे होतात, दुसरीत बराच वेळ होत नाहीत.

डीएनए : कांद्यातून वेगळे काढणे

१८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर यांनी रुग्णालयातील जखमांच्या पट्ट्यांवरील पुवाच्या पेशींतून एक अपरिचित पदार्थ वेगळा केला. त्यातील फॉस्फरसचे मोठे प्रमाण पाहून तो प्रथिन नाही, हे त्यांनी ओळखले. आज तोच पदार्थ कांद्यातून तासाभरात काढता येतो.

एक मध्यम कांदा बारीक चिरावा. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम मीठ आणि १० मिली भांडी घासण्याचे द्रव, फेस न आणता, मिसळावे. त्यात कांदा घालून पातेले ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवावे आणि लगेच बर्फात थंड करावे. साबणामुळे फॉस्फोलिपिडांची आवरणे फुटतात, आणि उष्णतेने डीएनए तोडणारी विकरे मंदावतात. वेळ वाढवल्यास मात्र डीएनएचेच तुकडे पडतात. थंड मिश्रण मिक्सरमध्ये केवळ पाच सेकंद फिरवून कॉफीच्या गाळणकागदातून किंवा दाट फडक्यातून गाळावे. गाळलेल्या रसात कच्च्या पपईचा चमचाभर रस घालून दहा मिनिटे थांबावे. पपईतील पपेन डीएनएला चिकटलेली प्रथिने तोडते. आता खोलीतील सर्व ज्योती विझवून, फ्रीजरमध्ये थंड केलेले अल्कोहोल, रसाच्या दुप्पट, नळीच्या कडेने संथपणे ओतावे. दोन थरांच्या सीमेवर पांढरे धागे दिसू लागतात आणि ते काडीवर गुंडाळता येतात.

डीएनएच्या कण्यात पाच कार्बनांची डीऑक्सिरायबोज शर्करा आणि फॉस्फेट आळीपाळीने येतात, व प्रत्येक शर्करेला चार नायट्रोजनयुक्त बेसांपैकी एक जोडलेला असतो. प्रत्येक फॉस्फेटवर ऋणभार असल्याने हा रेणू पाण्यात सहज विरघळतो. मिठातील सोडियम आयन त्या भाराचे शमन करतात आणि अल्कोहोल त्याच्याभोवतीचे पाणी हटवते, म्हणून तो बाहेर पडतो. मीठ विसरल्यास धागे नीट येत नाहीत.

हे धागे एकेरी रेणू नव्हेत. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी केवळ २ नॅनोमीटर असते. डोळ्यांना दिसतो तो लाखो रेणूंचा गुंता. शिवाय त्यात वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनही येते, कारण तेही अल्कोहोलमध्ये बाहेर पडते. केळ्यात पेक्टिन भरपूर असल्याने ते घेतल्यास धागे उठून दिसतात, पण त्यांतील मोठा भाग डीएनए नसण्याची शक्यता असते. कांदा किंवा हिरवे वाटाणे त्या मानाने विश्वासार्ह ठरतात. धाग्यांचा थोडा भाग पाण्यात घेऊन त्यावर आयोडीन व बाययुरेट या दोन्ही चाचण्या कराव्यात. निळा रंग आला तर गाळण नीट झालेली नाही, आणि जांभळी छटा आली तर प्रथिने अजून शिल्लक आहेत व पपईच्या रसाला जास्त वेळ द्यायला हवा.

काम संपल्यावर मोरचूद असलेली सर्व द्रावणे एका वेगळ्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे द्यावीत, कारण तांबे पाण्यातील जीवांना घातक असते आणि ते गटारात सोडणे योग्य नाही. कॉस्टिक सोड्याचे उरलेले द्रावण व्हिनेगरने उदासीन करावे. नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे दिसलेला रंग जसाच्या तसा लिहावा, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावा, म्हणजे पुढे शंका आल्यास निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते हे शोधत बसावे लागत नाही.